आज खडकीला जाऊन आलो

मित्राबरोबर खडकीच्या पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटरला गेलो होतो. 1974 पासून आहे हे, मणक्याला मार लागलेले जवान इथे राहतात, आणि पुण्यात राहून आपण नुसतं नाव ऐकलेलं.

आपल्याला वाटतं जखम झाली, ऑपरेशन झालं, पेन्शन सुरू, विषय संपला. तिथले एक काका सांगत होते की कमरेखाली काही जाणवतच नाही त्यामुळे बसून बसून जखम झाली तरी कळत नाही, म्हणून दर थोड्या वेळाने हातांवर जोर देऊन अंग उचलायचं, रात्री कूस बदलायची, लघवीचं इन्फेक्शन सांभाळायचं नाहीतर किडनीपर्यंत जातं, आणि वर्षानुवर्षं व्हीलचेअर ढकलून खांदे जातात ते वेगळंच. हे सगळं हसत बरं का! वर मलाच विचारतात, "तुमची पाठ दुखते का हो, वाकून बसता?"

मुरलीकांत पेटकर 1965 च्या युद्धात जखमी झाले, 1972 ला हायडेलबर्गला पॅरालिम्पिकमध्ये पोहून गोल्ड आणलं, ते आपण शेअर करतो, करायलाच पाहिजे. पण ज्यांना मेडल नाही त्यांचं कॅथेटर (लघवीची नळी), त्यांची बेडशीट, ते करणारी घरची माणसं, यावर कोण पोस्ट टाकतंय?

असो. बुद्धिबळात काकांनी मला पार धुतलं. परत जाणारे, कोणाला यायचं असेल तर सांगा.