पंधराव्या श्लोकापर्यंत

घरात सतत आजारपण येऊ लागले, लहान मूल रात्री दचकून उठू लागले किंवा चांगला चाललेला धंदा एकाएकी बसला, की आमच्या सातारा-सांगलीकडे कोणीतरी हळूच ‘बाहेरचं काही आहे का, ते एकदा बघून घ्या’ असे सुचवतेच. या सल्ल्यामागची काळजी मी नाकारत नाही, कारण घाबरलेल्या माणसाला आधार हवा असतो आणि तो मागण्यात गैर काहीच नाही. मात्र तो मारुतीरायाकडे, स्वतःच्या तोंडाने आणि खणखणीत आवाजात मागावा, असे मला मनापासून वाटते. त्यासाठी मध्ये कोणाची गरज नसते.

2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचे पाणी सांगलीत शिरले, तेव्हा माझ्या आत्याचे घरही पाण्याखाली गेले होते. पाणी ओसरल्यावर भिंतींची ओल महिनोन्‌महिने गेली नाही आणि तिची नात दिवेलागण झाली की आतल्या खोलीत पाऊल टाकेना. घर बघायला आलेल्या एका गृहस्थाने उंबऱ्यावर उभे राहूनच वास्तूला दोष असल्याचे सांगितले आणि उताऱ्यासाठी भलीमोठी रक्कम मागितली. आत्याने त्याला चहा दिला, पैसे दिले नाहीत. मुलीला तिने डॉक्टरांना दाखवले, आणि रोज संध्याकाळी देवापुढे समई लावून, तिला मांडीशी घेऊन, भीमरूपी म्हणायला सुरुवात केली. मुलगी आधी नुसती ऐकत असे, पुढे प्रत्येक ओळीचा शेवटचा शब्द आत्याबरोबर म्हणू लागली, आणि पावसाळा पुन्हा तोंडावर आला तेव्हा तिला सगळे स्तोत्र पाठ झालेले होते.

समर्थ रामदासांचे हे स्तोत्र आपल्यापैकी बहुतेकांना लहानपणापासून येते. इतके येते की त्याची रचना कशी आहे, याकडे लक्षच जात नाही. भूतबाधेपासून रक्षण व्हावे म्हणून ते म्हणतात, हे सर्वांना ठाऊक आहे, परंतु नेहमीच्या पाठात भूत, प्रेत आणि समंध यांचे नाव थेट पंधराव्या श्लोकात येते. तोवरचे बहुतेक श्लोक त्या महाबळीचे रूप आणि पराक्रम सांगण्यात जातात: माथ्यावर मुरडलेले पुच्छ, कटीची कासोटी आणि किणकिणणाऱ्या घंटा, मनाला मागे टाकणारी गती, अणूपासून ब्रह्मांडाएवढे होत जाणारे शरीर. भीतीने कापण्याचा उल्लेखही त्यात आहे, पण तिथे भक्त कापत नाही, मारुतीला पाहून काळाग्नी कापतो. म्हणणाऱ्याचे मन इतका वेळ सामर्थ्याकडे लागलेले असते की भुतांची पाळी येते तेव्हा त्यांच्यासाठी एक ओळसुद्धा पुरी मिळत नाही. त्याच ओळीत रोगव्याधी येतात, पुढच्या ओळीत चिंता येते, आणि या सर्वांचा नाश एकाच दमात सांगून समर्थ पुढे जातात. भुताला आजारपणाहून आणि काळजीहून मोठे स्थान त्यांनी दिले नाही, हे मला फार महत्त्वाचे वाटते. त्यानंतर येतो तो ‘दृढदेहो निःसंदेहो’ हा शब्दप्रयोग, आणि माझ्या मते रक्षण म्हणजे काय ते त्यात आले: शरीर बळकट, मन संशयरहित.

बलोपासनेचा हाच विचार समर्थांनी सतराव्या शतकात कृष्णाखोऱ्यातल्या गावांमध्ये उभा केला. त्यांनी स्थापन केलेल्या अकरा मारुतींपैकी शहापूर, मसूर, उंब्रज, माजगाव, शिंगणवाडी आणि चाफळचे दोन असे सात सातारा जिल्ह्यात आहेत, बहे आणि शिराळ्याचे सांगली जिल्ह्यात. बह्याचा मारुती तर कृष्णेच्या पात्रातल्या बेटावर आहे. रामचंद्र ध्यानाला बसले असताना नदीला लोंढा आला आणि हनुमंताने बाहू पसरून तो थोपवला, अशी तिथली कथा आहे. पूर पाहिलेल्या माणसाला ही कथा वेगळी सांगावी लागत नाही.

भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला मारहाण करणे किंवा साखळीने बांधणे हा महाराष्ट्रात 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. ज्यांनी या कायद्यासाठी आयुष्य वेचले, ते डॉ. नरेंद्र दाभोलकर साताऱ्याचेच. हा कायदा भजन, कीर्तन, हरिपाठ यांच्या आड येत नाही, त्यामुळे श्रद्धेवर घाला आल्याची तक्रार मला पटत नाही. उलट, ज्याच्या देवाला शनिवारी रुईची माळ आणि थोडे तेल पुरते, त्या भक्ताने तर या कायद्याच्या बाजूने उभे राहायला हवे.

ज्यांना जमेल त्यांनी चाफळला अवश्य जावे. श्रीराममंदिरासमोर दास मारुती हात जोडून उभा आहे. त्याचे दर्शन आधी घ्यावे, मग मंदिरामागच्या प्रताप मारुतीकडे जावे आणि तिथे भीमरूपी सावकाश म्हणावी. पुच्छाची ओळ येईल तेव्हा मूर्तीच्या माथ्याकडे पाहावे, घंटांची येईल तेव्हा कमरेकडे. मुले बरोबर असतील तर त्यांनाच पुढे उभे करून म्हणायला सांगावे.