तुम्ही विचारलंत म्हणून: बोअरची जागा बघायला मशीन लावलं की पाणी लागेलच का?

“मशीन लावलं तं पानी लागी का भाऊ?” मग गाव धुळ्याकडचं असो का चोपड्याकडचं, पहिला प्रश्न हाच.

आमचं रेझिस्टिव्हिटी मशीन पाणी दाखवत नाही, जमीन करंटला किती विरोध करते तेवढं मोजतं. चार सळया एका रेषेत ठोकायच्या, बाहेरच्या दोन्हींतून करंट सोडायचा, आतल्या दोन्हींमध्ये व्होल्टेज बघायचं, मग बाहेरच्या सळया लांब लांब नेत जायचं म्हणजे करंट आणखी खोल उतरतो. मे महिन्यात माती इतकी कोरडी असते की सळईच्या बुडाशी मिठाचं पाणी ओतल्याशिवाय रीडिंग स्थिरच होत नाही.

घट्ट काळा पाषाण असला की आकडा शेकड्यात, कधी हजारावर ओहम-मीटर जातो, आणि भेगाळलेला, पाणी धरलेला खडक बरेचदा 20 ते 50 च्या घरात येतो. इथवर सोपं आहे. पण रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात खाली तापीचा गाळ, त्यात चिकणमातीचे जाड थर, आणि त्यांचा आकडा 10 च्या आसपासच येतो. लोक कमी आकडा बघून खूश होतात, पण चिकणमाती पाणी धरते, सोडत नाही! तिथे आपल्याला रेती-गोट्याचा थर पाहिजे आणि त्याचा आकडा चिकणमातीपेक्षा जास्त असतो.

धुळे-साक्री-नंदुरबारकडे वेगळंच, तिथे बेसाल्टमध्ये, म्हणजे काळ्या पाषाणात, डाइक घुसलेत, जमिनीत उभ्या भिंतीच म्हणा, बहुतेक पूर्व-पश्चिम. डाइक अखंड असला तर पाणी अडवतो, अलीकडच्या विहिरीला उन्हाळ्यातही पाणी आणि पलीकडची कोरडी. अशा रानात एकाच जागी रीडिंग घेऊन भागत नाही, डाइकला आडवी लाइन धरून सरकत सरकत घ्यावं लागतं, वेळ जातो पण मी तरी त्याशिवाय पॉइंट, म्हणजे बोअरची जागा, देत नाही, कारण कर्ज काढून बोअर घेतलेला असतो हो.

आणि “600 फुटाचं सांगा” म्हणता, तर तेवढं खोल बघायला केबल त्याच्या कितीतरी पट लांब पसरावी लागते, दोन एकराच्या तुकड्यात ती मावत नाही, शेजारच्या रानातून न्यावी लागते. छोट्या जागेत कोणी एवढ्या खोलीचा नेमका फूट सांगत असेल तर केबल किती पसरली ते आधी विचारा. पाणी किती इंच लागेल हे तर या रीडिंगवरून सांगताच येत नाही.

बोलवाल तेव्हा जवळच्या चार-पाच विहिरी-बोअरची माहिती काढून ठेवा: मुरूम कुठे संपला, पाषाण कुठे लागला, पाणी कितीवर आलं. रीडिंगचा एकसारखा दिसणारा आलेख दोन-तीन प्रकारच्या थरांतून येऊ शकतो, त्यातला खरा कोणता ते याच माहितीवरून ठरवता येतं.