बिनतारी म्हणे!

लॅपटॉपचं चित्र बिनतारी टीव्हीवर पाठवायचं, तर ठाण्यातल्या घोडबंदर रोडवरच्या कुठल्याही टॉवरात रात्री साडेनऊला लॅपटॉपवर विंडोज आणि के ही बटणं एकदम दाबून बघावीत. आपला टीव्ही यादीत चौथा-पाचवा. वर सगळे शेजारी. भिंती आपापल्या, हवा सामाईक. म्हणून टीव्हीच्या सेटिंगमध्ये पिन विचारायला लावलेलं बरं, नाहीतर सातव्या मजल्यावरची मालिका आपल्या सोसायटीच्या ताळेबंदात घुसायची.

चित्र पाठवायच्या या पद्धतीचं नाव मिराकास्ट, २०१२ पासूनचं. लॅपटॉप नि टीव्ही थेट बोलतात, राउटर मध्ये नसला तरी चालतं. पण डेस्कटॉपला नुसती लॅनची वायर असेल आणि वाय-फाय कार्डच नसेल, तर कितीही शोधा, व्यर्थ. गूगलच्या क्रोमकास्टचं उलट: मोबाइल आणि टीव्ही एकाच वाय-फायवर हवेत. ‘टीव्ही दिसतच नाही’ या तक्रारीमागे बहुतेकदा एकतर मोबाइल गेस्ट नेटवर्कवर असतो, नाहीतर राउटरमध्ये एपी आयसोलेशन, म्हणजे एकाच वाय-फायवरच्या उपकरणांना एकमेकांपासून तोडणारी सोय, चालू असतं. चाळीत प्रत्येक खोलीला नळ आहे, पण खोल्यांची दारं एकमेकींकडे उघडत नाहीत, तसं. इंटरनेट दोघांनाही मिळतं, त्यामुळे संशय येत नाही.

जुन्या टीव्हीला डोंगल, म्हणजे हे बिनतारी चित्र पकडणारं मागे खोचायचं छोटं यंत्र, लावावा लागतो आणि गंमत म्हणजे या बिनतारी महाशयांच्या मागे वीज घ्यायला यूएसबीचं शेपूट असतं. ते टीव्हीतच खुपसायचा मोह सगळ्यांना होतो. टीव्हीचं साधं यूएसबी पोर्ट अर्धा अँपिअर देतं. डोंगलला एक लागत असेल तर चित्र येतं, दोन मिनिटं टिकतं, मग डोंगल पुन्हा पहिल्यापासून सुरू. दोष वाय-फायला मिळतो. मोबाइलचा चार्जर लावला की प्रश्न मिटतो.

चित्र अडखळत असेल तर मात्र दोष खरंच हवेचा. वाय-फायच्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनेल तीनच: १, ६ आणि ११. त्यावर अख्ख्या मजल्याचे राउटर बसलेले. लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर न्यावा. या पट्ट्याला भिंती जास्त अडवतात, पण एकाच खोलीत तो त्रास नाही. तरीही माउसचा बाण हाताच्या मागेच राहणार, तेवढं सोसावं. सिनेमाच्या जागी काळा पडदा आला तर तो बिघाड नाही, कॉपी-संरक्षण आहे.

सोसायटीच्या सभेला विंडोज आणि पी दाबून ‘डुप्लिकेट’ऐवजी ‘एक्स्टेंड’ घ्यावं. एक्सेलची शीट टीव्हीवर, व्हॉट्सअ‍ॅप लॅपटॉपवरच. थकबाकीदारांची दुसरी शीट मात्र त्याच फाइलमध्ये ठेवू नये. खालचा टॅब चुकून दाबला जातोच.