जर्मनचा मग

पुतणी नववीत आहे, शाळेत भाषण करायचंय तिला, विषय गुलामगिरी आणि वर्णभेद. रविवारी सकाळी सोप्यात पेपर वाचत बसलेलो तर वही घेऊन आली, काका जरा बघ की म्हणून. मी म्हटलं शुद्धलेखन बघू काय, तर म्हणाली ते बाईंनी बघितलंय, तू माहिती बरोबर आहे काय तेवढं बघ.

माहिती बरोबरच होती ओ. पोरीनं मनापासून लिहिलेलं. साडेतीनशे वर्षांत आफ्रिकेतनं सव्वा कोटीच्या आसपास माणसं जहाजांत कोंबून अटलांटिकपार नेली, त्यातली लाखो वाटेतच मेली, 1865 ला अमेरिकेत कायद्यानं गुलामी संपली पण मागोमाग दुसरे कायदे आले, गोऱ्यांचा नळ वेगळा काळ्यांचा वेगळा, शाळा वेगळी, डबा वेगळा, आणि 1896 ला तिथल्या सुप्रीम कोर्टानंच सांगून टाकलं की सोयी सारख्या दिल्या की झालं, वेगळं ठेवलं म्हणून अन्याय होत नाही. ते पुसायला 1954 उजाडलं. मग 1 डिसेंबर 1955, माँटगोमेरी गावात रोझा पार्क्स बसमधली सीट सोडत नाहीत, त्यांना अटक होते, आणि तिथले काळे लोक 381 दिवस बसमध्ये पाय ठेवत नाहीत. "381 दिवस काका, चालत!" असं म्हणाली ती, डोळे एवढे मोठे करून. आमच्या इथं बेळगावकडं खानापूरची बस अर्धा तास लेट झाली तर हिचा जीव जातो म्हणून तिला त्याचं जास्त.

शेवटी "जय हिंद". इकडं तेवढ्यावरच थांबायचं असतं, सीमाभागातल्यांना कळेल.

पण त्याच्या वरची ओळ होती, "सुदैवाने आपल्या देशात अशी गुलामगिरी कधीच नव्हती." तिथं माझं पेन थांबलं.

बारावीला मी खानापूरला होतो. वर्गात एक सिद्दी मुलगा होता, जंगलाकडच्या गावातनं बसनं यायचा. कुरळे केस, काळा रंग, उंच. पहिल्या दिवशी एका सरांनी त्याला इंग्लिशमध्ये विचारलं व्हेअर आर यू फ्रॉम, आणि हा उभा राहून मराठीत म्हणाला, सर ह्याच तालुक्यातला. वर्ग हसला. कोणाला हसलो आम्ही, सरांना की त्याला, ते मला आजपण नीट सांगता यायचं नाही. कन्नड, मराठी, कोंकणी, हिंदी, चारही यायच्या त्याला, आम्हाला कन्नडच्या पेपराला घाम फुटायचा आणि हा मास्तरांशी कन्नडमध्ये जोक मारायचा. त्याचं नाव आम्ही वेस्ट इंडिज पाडलेलं. मॅचमध्ये नवीन बॉल त्याच्याच हातात, कारण वेस्ट इंडिज म्हणजे फास्ट बॉलर असणारच की, आणि तो बिचारा ऑफ स्पिन टाकायचा, ते पण सुमार.

ही सिद्दी माणसं आफ्रिकेतनं इथं कशी आली हे मला बारावी होईपर्यंत माहीत नव्हतं, आणि त्याला कधी विचारलं पण नाही. नंतर वाचलं. बरेचसे पोर्तुगीजांनी मोझांबिककडून गोव्यात आणलेल्या गुलामांचे वंशज. सगळेच तसे नाहीत, काही आदिलशाहीच्या वगैरे फौजांतनं आलेले, आणि हबशी गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर निजामशाहीचा वजीर झाला हे आपण शाळेत शिकतोच, पण तो एक अंबर लक्षात ठेवून बाकीच्यांना विसरायची सोय झालीय आपली. लिन्सखोटेन म्हणून एक डच माणूस 1580 च्या दशकात गोव्यात राहून गेला, त्यानं लिहून ठेवलंय की जुन्या गोव्याच्या मोठ्या रस्त्यावर रोज सकाळी लिलाव भरायचा, त्यात अरबी घोडे, मसाले, उंची पांघरुणं, आणि माणसं. बायका, पुरुष. एका यादीत. आपण आता तिथं चर्च बघायला जातो आणि येताना काजू घेऊन येतो.

त्यातले जे पळाले ते घाट चढून वर जंगलात आले. हल्याळ, यल्लापूर, जोयडा, मुंडगोड, आणि आमचं खानापूर. पोर्तुगीजांचा हात तिथवर पोचत नव्हता. त्यांनी त्यांची गुलामी मोडली 1869 ला. कंपनी सरकारनं आपल्या मुलखात गुलामीचा कायदेशीर आधार काढला 1843 ला. म्हणजे मधली पंचवीसेक वर्षं घाटाच्या खाली माणूस कुणाच्यातरी मालकीचा आणि वर आला की निदान कागदावर कुणाचाच नाही. आणि वर येऊन केलं काय, तर जंगल तोडून दुसऱ्याच्या शेतात राबले. कारवारला खाप्री देव आहे, त्याला लोक सिगारेट आणि दारू वाहतात, तो आफ्रिकेतनं आलेला असं सांगतात. मेलेल्याला देव करायला आपल्याकडं अडचण कधी आली नाही.

तर एकदा दिवाळीच्या सुट्टीत त्या वर्गमित्राच्या घरी गेलो. त्याची आई अंगणात बसून कवंदी शिवत होती. आपण वाकळ म्हणतो तसलीच, पण शिवायची रीत वेगळी. आपल्याकडं कडेपासून सरळ ओळी घालतात, ती एका कोपऱ्यापासून सुरू करून कडेकडेनं फिरत आत आत येत होती, हातात येईल तो तुकडा टाचत. जुनी लुगडी, शर्ट, परकर, आणि मधेच एक निळा तुकडा होता तो आमच्या कॉलेजच्या युनिफॉर्मचा, मला बघता क्षणी ओळखू आला. चारी कोपऱ्यांना कापड तिकोनी दुमडून लावलेलं, त्याला ते फूल म्हणतात. मी विचारलं हे कशाला, तर म्हणाली फुलं नसली तर कवंदी नागडी दिसते रे बाळ.

मग तिनं चहा दिला. स्टीलच्या पेल्यात, गुळाचा, मिरं घातलेला. आणि मी पेला हातात घेऊन एक क्षण थांबलो. एकच क्षण. मग प्यायलो, चांगला होता, अजून मागून घेतला. तिनं काय बघितलं नसणार, ती सुईत दोरा ओवत होती. मित्रानं बघितलं.

तो क्षण कुठनं आला ते मला माहीत आहे.

आमच्या जुन्या घराला परड्याच्या बाजूला गोठा होता आणि गोठ्याच्या भिंतीत कोनाडा. त्या कोनाड्यात जर्मनचा, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा, एक मग पालथा घातलेला असायचा, कडेला पोचे आलेला, कान थोडा वाकलेला. तो आमच्या सालगड्याचा. त्यांना आम्ही पोरं मामा म्हणायचो, त्यांच्या खांद्यावर बसून जत्रा बघितलीय मी. सकाळी सहाला यायचे, शेण काढायचे, दूध काढायला मात्र आज्जा स्वतः बसायचा. आज्जी चहा घेऊन परड्याच्या दारात यायची, मामा कोनाड्यातला मग घेऊन खाली उकिडवे बसायचे आणि ती वरनं ओतायची, वीतभर अंतर ठेवून, एक थेंब इकडं तिकडं न सांडता. पाणीपण तसंच, ओंजळीत. चहा झाला की मामा मग राखेनं घासायचे, धुवायचे, पालथा घालायचे. याबद्दल घरात कधी एक शब्द कोण बोललेला मला आठवत नाही. आज्जीनं कधी हिडीसफिडीस केलं नाही, उलट सणाला पोळ्या पहिल्या त्यांच्या घरी जायच्या. पण पोळ्या न्यायला मामा मागच्या दारानं यायचे.

मी सात-आठ वर्षांचा असेन. उन्हातनं खेळून आलो, गोठ्यातल्या बॅरलजवळ मग दिसला, बुडवला आणि तोंडाला लावला. तेवढ्यात मामा ओरडले. आज्जी नाही, मामा. "ठेव ते! ठेव म्हणतो ना!" त्यांचा आवाज असला मी आधी कधी ऐकला नव्हता. मग माझ्या हातातनं काढून घेतला, आणि पहिल्यांदा बघितलं काय तर परड्याच्या दारात कोण उभं आहे काय ते. कोण नव्हतं. "घरात बोलू नको हं," म्हणाले. मी नाही बोललो. त्या मगातनं प्यायलो मी आणि घाबरला तो माणूस, याचा अर्थ लागायला मला पुढची दहा-बारा वर्षं गेली.

ज्या 1955 मध्ये रोझा पार्क्स बसमध्ये बसून राहिल्या, त्याच वर्षी आपल्याकडं अस्पृश्यता पाळणं हा गुन्हा ठरवणारा कायदा झाला. 1925 ला डॉ. आंबेडकर निपाणीला परिषदेसाठी येऊन गेलेले, आमच्या गावापासून फार तर दोन तासांवर. आमचा मग त्याच्यानंतर पासष्ट वर्षं कोनाड्यात होता.

तोच मित्र नंतर आमच्या घरी आला. आज्जीनं त्याला बघितलं आणि तिला वाटलं परदेशातला पाव्हणा. सोप्यात खुर्चीवर बसवलं, फुलांची नक्षी असलेली कपबशी काढली, जी डॉक्टर आणि जावई सोडून कुणाला निघायची नाही. तो म्हणाला आज्जी साखर कमी घाला ओ. आज्जी बघतच राहिली. मग गाव कंचं, बाप काय करतो, जात कंची, सगळं विचारून झालं. दुसऱ्यांदा आला तेव्हा चहा पेल्यात आला. खुर्ची तीच होती, तेवढी मात्र राहिली. घानाचा किंवा नायजेरियाचा असता तर कपबशी टिकली असती, खानापूरचा निघाला म्हणून गेली.

एका 1 नोव्हेंबरला तो आमच्याबरोबर बेळगावला काळ्या दिनाच्या, म्हणजे सीमाभाग कर्नाटकात घातल्याच्या निषेधाच्या, सायकल फेरीला आला. मी सगळ्यांच्या शर्टाला काळ्या फिती लावत होतो, त्याच्याजवळ गेलो तर म्हणाला, "मला कशाला फीत बे, मी हाय की." सगळे हसले. मी जरा जास्तच हसलो. सीमाप्रश्नाला मी हलकं म्हणत नाही, 1956 पासून आमच्या तीन पिढ्या त्यात गेल्या, आपल्याच शेताचा उतारा दुसऱ्याकडनं वाचून घ्यायला लागतो तेव्हा काय होतं ते मला माहीत आहे. पण नकाशावरची रेघ त्याला आमच्यापेक्षा जास्त लागली. 2003 ला सिद्दींना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला तो फक्त उत्तर कन्नड जिल्ह्यात. हल्याळच्या मावसभावाला दाखला, ह्याला नाही. आज्जी एकच, वाकळी एकाच हातच्या, मधे जिल्ह्याची हद्द. बेळगाव आणि धारवाडचे सिद्दी यादीत यायला 2020 उजाडलं. त्याच वर्षी शांताराम सिद्दी विधान परिषदेवर गेले, सिद्दींमधले पहिले आमदार. मित्र तोपर्यंत चाळिशीला टेकला होता, नोकरीचं वय निघून गेलेलं.

पुतणी शेजारी बसून होती, म्हणाली काय चुकलं काय काका? मी म्हटलं ही ओळ काढ. तिला सिद्दींचं सांगितलं, गोव्याच्या लिलावाचं सांगितलं. जोतिरावांनी 1873 ला गुलामगिरी लिहिली ती अर्पण केली अमेरिकेतल्या त्या लोकांना ज्यांनी तिथल्या गुलामांना सोडवलं, म्हणजे दीडशे वर्षांपूर्वी पुण्यातल्या माणसाला दिसलं होतं की हे आणि ते एकमेकांचे सख्खे भाऊ आहेत. आणि 1959 ला मार्टिन ल्यूथर किंग भारतात आले तेव्हा त्रिवेंद्रमला एका शाळेत हेडमास्तरांनी मुलांना ओळख करून दिली की हे अमेरिकेतले अस्पृश्य. किंगना आधी धक्का बसला, रागपण आला, मग विचार केला आणि म्हणाले होय, मी अस्पृश्यच आहे. हे तिला एवढं आवडलं की तिथंच बसून लिहायला लागली.

जर्मनच्या मगाचं तिला सांगितलं नाही. आई आत चहा करत होती, दार उघडं होतं.

मामा जाऊन आता बरीच वर्षं झाली. घर पाडून स्लॅबचं बांधलं तेव्हा मग फेकला नाही कुणी, पप्पा त्यात पंपाचं ग्रीस ठेवतात.

गेल्या आठवड्यात आमची रोप लावणी होती. बायका टेंपोनं येतात आता, दलितवाड्याकडच्या पण असतात, लिंगायत गल्लीतल्या पण, एका रांगेत चिखलात वाकतात. सकाळी आईनं सांगितलं दुकानातनं कागदी कपांचं पाकीट आण, पन्नासचं. मी म्हटलं घरात एवढे कप पडलेत की, स्टीलचे पेले आहेत, कशाला? आई म्हणाली, "आणि ते धुवायचे कुणी रे?"

खरं असेल. पावसात वीस-पंचवीस बायकांचे पेले घासायचे म्हणजे काम आहे. मी गाडी काढली आणि पाकीट घेऊन आलो.