मृगाआधीची ट्रंक

रविवार, मे महिन्याचा तिसरा आठवडा

पारा ४२-४३च्या खाली यायचं नाव घेत नाही. गच्चीवर सकाळी घातलेल्या कुरडया दुपारी खडखडीत. सोलापूरच्या या हवेला नावं ठेवणारे पुष्कळ, पण ट्रंक उघडायला हिच्यासारखी हवा नाही. मृग लागला, म्हणजे ७ जूनच्या आसपास, की हवेत ओल येते, आणि ती ओल आत ठेवून झाकण लावलं की दिवाळीपर्यंत कपड्यांना कुबट वास आणि फोटोंना बुरशी. म्हणून वाळवणाबरोबरच ट्रंकही काढायची.

दुसरं कारण माणसांचं. शाळांना सुट्टी, माहेरवाशिणी आलेल्या, पुण्याला नोकरी करणारे दोन दिवसांसाठी का होईना घरी. वस्तू आणि त्या वस्तूंबद्दल सांगू शकणारी माणसं एका छपराखाली असण्याचा योग वर्षातून दहा-पंधरा दिवसांचा. ते दिवस आंब्याच्या रसात आणि दुपारच्या झोपेत जातात, आणि ट्रंक राहून जाते ती पुढच्या वर्षावर.

आधी क्रमाबद्दल, कारण घोळ तिथेच होतो. बहुतेक घरांत सुरुवात दागिन्यांच्या डब्यापासून होते, मग जरीच्या साड्या, मग तांब्या-पितळ, आणि फोटोंचं पाकीट येईपर्यंत सगळे दमलेले. हे बरोबर उलटं हवं. पाटल्या मागच्या वर्षी ४० ग्रॅमच्या होत्या, यंदाही ४० ग्रॅमच भरतील. आजीच्या आठवणीतल्या नावांचं तसं नसतं. तेव्हा पहिला नंबर घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाचा, मग कॅसेट, मग फोटो, मग कापड. सोनं शेवटी.

आवाज

रेकॉर्डिंगला सकाळी साडेसहा-सातची वेळ. त्याचं कारण साधं आहे: दुपारी पंखा किंवा कूलर बंद ठेवणं इथे शक्यच नाही, आणि पंख्याची घरघर शब्दांच्या शेपट्या खाऊन टाकते. फोन फ्लाइट मोडवर, टॉवेलची चौपदरी घडी करून तिच्यावर ठेवलेला (थेट टेबलावर ठेवला तर कपबशीचा प्रत्येक ठोका आत जातो), बोलणाऱ्यापासून वीतभर अंतरावर. एक मिनिट रेकॉर्ड करून ऐकून बघायचं, मगच पुढे. सुरुवातीला तारीख, गाव आणि समोर कोण बसलंय ते मोठ्यानं बोलून ठेवायचं. फाईलचं नाव बदललं तरी आतलं बदलत नाही. एका बैठकीत ४० मिनिटं पुरे.

“आजी, जुन्या काळाबद्दल सांग ना” असं विचारलं की उत्तर ठरलेलं: “काय सांगायचं बाळा, लई हाल काढले.” संपलं. त्याऐवजी जागा विचारावी. साखर पेठेतल्या खोलीचं दार उघडलं की डाव्या हाताला काय होतं? पाणी कुठून आणायचे? गिरणीचा भोंगा झाला की घरात पहिलं कोण उठायचं? किंवा सरळ हातात वस्तू द्यावी, अडकित्ता, पानाचा डबा, रॉकेलची चिमणी. हात वस्तूवरून फिरायला लागला की बोलणं आपोआप सुरू होतं. आजी मध्ये थांबली तर आपण गप्प बसायचं. दहा सेकंदांची शांतता ऐकणाऱ्याला फार लांब वाटते, सांगणाऱ्याला ती लागत असते.

बिघडतं ते घरच्यांमुळे. “अगं ते ७४ नाही, ७६” असं कुणीतरी मध्येच दुरुस्त करतं आणि धागा तुटतो. सनावळी नंतर लावता येते. आणि सोलापुरात आणखी एक गोष्ट सांभाळायला हवी. अनेक घरांत आजी रागावते तेलुगूत, देवाशी बोलते कन्नडमध्ये आणि हिशेब करते मराठीत. “मराठीत सांग, मुलांना कळेल” हा आग्रह धरला की ती मोजूनमापून बोलायला लागते आणि खरं बोलणं तिथेच बंद पडतं. येईल त्या भाषेत येऊ द्यावं, अर्थ मागाहून लिहून घ्यावा.

हाताचं माप

शेंगा चटणी प्रत्येक घराची वेगळी, आणि विचारलं तर माप एकच: “अंदाजानं.” हा अंदाज पकडता येतो. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा घ्यायचा. त्यावर तिखटाचा डबा ठेवून शून्य करायचं आणि आजीला डब्यातून हवं तेवढं घ्यायला सांगायचं. काटा उणे ४२ दाखवेल, म्हणजे तिखट ४२ ग्रॅम. दाण्याला, लसणीला, जिऱ्याला तसंच. तिच्या हातात चमचा द्यायचा नाही, वाटी बदलायची नाही, मधे “बघू किती झालं” म्हणायचं नाही, नाहीतर हात बिचकतो. मिठाची चिमूट काट्यावर दिसतच नाही, म्हणून कागदावर दहा चिमटी टाकायला लावून दहानं भागायचं.

फसगत कुठे होते? हे काटे दोनेक मिनिटं हालचाल नसली की आपोआप बंद होतात आणि केलेलं शून्य पुसलं जातं. म्हणून सुरुवातीचं डब्यासकट वजन आधी कागदावर लिहावं. अर्धा किलो दाण्याला ५०-६० ग्रॅम लसूण हे साधारण चालतं, पण घराची चटणी ठरते ती कुटण्यावर. उखळात तेल सुटून गोळा चिकटायला लागतो तो क्षण व्हिडिओत घ्यायचा, आवाजासकट, कारण मुसळाचा कोरडा ठोका ओला व्हायला लागतो तो ऐकू येतो. मिक्सर सलग फिरवला तर दाणे गरम होऊन आधी पीठ होतं आणि मग एकदम लगदा. थांबत थांबत फिरवला तर जरा जवळपास जातं. तेवढंच.

कॅसेट

बारशाची, डोहाळजेवणातल्या गाण्यांची, दुबईहून पाठवलेल्या ‘बोलक्या पत्राची’ कॅसेट घरात असेल तर लगेच प्लेअरमध्ये घालू नये. आधी टेप पाहायची. पांढरी भुकटी दिसली तर ती बुरशी, मग जाणत्या माणसाकडेच द्यावी. टेप दाबून धरणारी आतली छोटी फेल्टची गादी सुटलेली नाही ना, तेही बघावं. ती पडली की आवाज बुडल्यासारखा येतो आणि लोक समजतात कॅसेट गेली. प्लेअरचं हेड (टेप ज्यावरून घासत जाते तो भाग) आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्यानं पुसून घ्यायचं. कॅसेट एकदा पूर्ण पुढे, एकदा पूर्ण मागे गुंडाळायची, म्हणजे वर्षानुवर्षं चिकटून बसलेले पदर सुटतात. वरच्या कडेची प्लॅस्टिकची खिटी मोडलेली नसेल तर मोडून टाकावी, म्हणजे चुकून रेकॉर्डचं लाल बटण दाबलं तरी पुसलं जाणार नाही.

हेडफोनच्या भोकातून वायर कॉम्प्युटरला जोडून रेकॉर्ड करायचं. ६० मिनिटांच्या कॅसेटला ६० मिनिटंच लागतात, घाईचा उपाय नाही. वेव्ह फाईल (आवाज न दाबता जसाच्या तसा ठेवणारी) मिनिटाला साधारण १० एमबी घेते, म्हणजे एक कॅसेट सहाशे-साडेसहाशे एमबी. एमपी३ नंतर करता येतं, मूळ मात्र वेव्हच ठेवावं.

फोटो

इथे वेळ द्यावा लागतो. ऐंशी-नव्वदच्या दशकातले चिकट पानांचे अल्बम, वर पारदर्शक कागद असलेले, हे फोटोंचे शत्रू. त्यांचा गोंद पिवळा पडून कागदात उतरतो. फोटो नखानं उचलला की मधोमध तडा जातो. दात साफ करायचा मेणाचा नसलेला धागा कोपऱ्याखाली सरकवून करवतीसारखा हळूहळू ओढावा. सुटला तर सुटला, नाही सुटला तर पानासकट स्कॅन करावा. फ्रेमच्या काचेला चिकटलेला फोटो मात्र कधीही ओढू नये. ओल लागून त्याचा वरचा थर मऊ होतो आणि काचेला धरतो. ओढला तर चेहरा काचेवर राहतो, कागद हातात. काचेसकटच स्कॅन.

स्कॅन ६०० डीपीआयला, म्हणजे इंचाला ६०० ठिपके. साडेतीन बाय पाच इंचांच्या फोटोचे २१०० बाय ३००० पिक्सेल होतात आणि दुप्पट आकाराची छपाई स्वच्छ निघते. मोबाईलनं काढणार असाल तर खिडकीजवळ, फ्लॅश बंद, फोटो सपाट आणि फोन त्याला समांतर. तिरका धरला की माणसांची डोकी मोठी आणि पाय बारीक.

स्कॅनपेक्षा मोठं काम मागच्या बाजूचं. नाव नसलेला फोटो दोन पिढ्यांत कुणाचाच राहत नाही. जुन्या साध्या कागदाच्या फोटोमागे २बी पेन्सिलनं, कडेला, न दाबता लिहावं. बॉलपेनचा दाब पुढून उमटतो. नंतरच्या गुळगुळीत, प्लॅस्टिकसारख्या कागदावर पेन्सिल धरत नाही आणि शाई पुढच्या फोटोला लागते, म्हणून त्यांची नावं पाकिटावर, आणि फोटो आत घालायच्या आधी.

तारखेसाठी सन विचारू नये, खूण विचारावी. बहात्तरच्या दुष्काळाच्या आधी की नंतर? गिरणी चालू होती का? किल्लारीचा भूकंप झाला तेव्हा हे बाळ होतं का? (तो ३० सप्टेंबर १९९३, गणपती विसर्जनानंतरची पहाट, इकडच्या लोकांच्या पक्का लक्षात आहे.) पुरुष पांढऱ्या बाराबंदीत असतील आणि मागे नंदीध्वज (मिरवणुकीतल्या उंच सजवलेल्या काठ्या) दिसत असतील तर ती सोलापूरच्या सिद्धेश्वराची गड्डा यात्रा, म्हणजे महिना जानेवारी, शोधायचा फक्त सन. शेतात पानं मांडून पंगत बसलेली आणि भोवती उभी ज्वारी असेल तर बहुधा वेळा अमावस्या, मार्गशीर्षातली. कोपऱ्यातल्या केशरी आकड्यांवर मात्र विश्वास नको. कॅमेऱ्याची बॅटरी बदलल्यावर तारीख कुणी लावायचंच नाही.

फाईलच्या नावात सन आधी, मग महिना, मग प्रसंग: १९८४-०१-गड्डा. सन नक्की नसेल तर ‘अंदाजे’ लिहावं. चुकीचा सन ठासून लिहिला की तो पुढच्या पिढीत खरा होतो. प्रती तीन: एक कॉम्प्युटरवर, एक वेगळ्या हार्ड डिस्कवर, एक परगावच्या नातेवाइकाकडे. पेनड्राइव्ह कपाटात वर्षानुवर्षं ठेवून त्याच्यावर विसंबू नये. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावं, नाहीतर फोटो दाबून लहान होतो आणि सगळ्या घराकडे तीच धूसर प्रत उरते.

कापड

सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन आहे, घराघरात रुखवतातली एकतरी चादर ‘चांगली आहे’ म्हणून ठेवलेली आहे, आणि ती ठेवल्यानंच जाते. घडी एकाच रेषेवर वर्षानुवर्षं राहिली की तिथले सुती धागे तुटतात. उलगडल्यावर जकार्डची (मागावरच विणलेली) नक्षी शाबूत आणि घडीवर सरळ चीर. ठेवायचीच तर धुऊन, खळ न घालता (खळीवर कसर येते), पूर्ण वाळवून, दर तीन-चार महिन्यांनी वेगळ्या रेषेवर घडी. गुंडाळायला जुन्या धुतलेल्या लुगड्याचा धडपा, प्लॅस्टिक नाही. डांबराच्या गोळ्या कापडाला किंवा जरीला टेकू देऊ नयेत. ओली चादर एका तारेवर लोंबकळत टाकली तर स्वतःच्या वजनानं ताणते, दोन तारांवर पसरावी. सावलीत.

पण खरं मत विचाराल तर चादर वापरावी. गच्चीवर झोपायचे दिवस आहेत, पोरं एकाच चादरीवरून भांडणार, भांडू द्यावं. वाकळीसारखी ती विरत जाईल. त्या रात्रीचा एक फोटो मात्र काढावा, नावांसकट.

सोनं

हे लवकर उरकतं. जुना दागिना मोडून नवा करायचा ठरला असेल तर मोडायच्या आधी आलेखाच्या कागदावर ठेवून पुढून-मागून फोटो, ग्रॅममध्ये वजन, आणि फाशाजवळ सोनाराचा शिक्का असेल तर त्याचा जवळून फोटो. नव्या दागिन्यावर सहा अक्षर-अंकांचा हॉलमार्क क्रमांक येतो, तो पावतीवर तपासावा. लाख भरलेल्या दागिन्यात लाखेचं वजन सोनं म्हणून धरायचं नसतं, वाटणीच्या वेळी यावरूनच वाजतं. शक्य असेल तर जुन्या माळेतला एक मणी मोडीत न घालता बाजूला ठेवावा.

ट्रंक लावताना

कपडे गच्चीच्या खोलीतून आणले तसे गरमच आत टाकून झाकण लावू नये. रात्री पत्रा गार झाला की आत दव धरतं. रात्रभर पसरून ठेवून पहाटे सहाला भरावेत, तळाशी धडपा, जड ते खाली. झाकणाच्या आत एक कागद चिकटवून त्यावर लिहावं: कोणत्या दिवशी उघडली, आत काय आहे, आणि उघडताना घरात कोण कोण होतं.