रजिस्टरमधलं शून्य

फार्मसीच्या शेवटच्या वर्षी मी जागतिक आरोग्य हा ऐच्छिक विषय घेतला. अर्जात झोकात लिहिलं होतं, ‘वंचितांपर्यंत औषधं पोहोचवायची आहेत.’ मार्गदर्शक मॅडमनी त्याखाली पेन्सिलीने विचारलं, ‘कोणती? आणि किती?’ तेव्हा जरा रागच आला.

‘कोणती’ची उकल वर्गात झाली. जागतिक आरोग्य संघटनेची अत्यावश्यक औषधांची पहिली यादी 1977 साली निघाली, तेव्हा तिच्यात जेमतेम दोनशेच्या आसपास औषधं होती. आम्ही त्याच्या कितीतरी पट नावं घोकली होती. पण कपाटात मोजकीच ठेवायची झाली तर कोणती, हे आम्हाला कुणी विचारलंच नव्हतं.

एकदा सरावासाठी दान म्हणून आलेल्या औषधांचा नकली खोका टेबलावर उपडा केला. निकष साधे होते: पोहोचताना किमान वर्षभराची मुदत शिल्लक हवी, लेबल तिथल्या लोकांना वाचता यायला हवं, कुणा रुग्णाकडून परत आलेलं औषध नको. तासाभरात टेबलावर पॅरासिटामॉलचा एक डबा उरला. बाकीचं जाळायचं कुठे आणि कुणाच्या खर्चाने, यावरच पुढचा तास गेला. बॉस्नियाच्या युद्धात आणि त्यानंतर लगेच, 1992 ते 1996 दरम्यान, हेच खऱ्याखुऱ्या प्रमाणावर घडलं होतं. आलेल्या औषधांपैकी निम्म्याहून अधिक निरुपयोगी असल्याचा अंदाज आहे.

मग सहा आठवडे एका दुर्गम आरोग्य केंद्रात. तिथली भाषा येत नसल्यामुळे सुरुवातीला माझी रवानगी स्टोअररूममध्ये झाली. काम दिलं ते पुढच्या वर्षासाठी ओआरएसची, म्हणजे जुलाबात पाण्यात कालवून द्यायच्या मीठ-साखरेच्या पाकिटांची, मागणी काढण्याचं. रजिस्टरप्रमाणे वर्षभरात 3,000 पाकिटं गेली होती, म्हणजे महिन्याला 250. राखीव साठा त्यात मिळवला आणि कागद नेऊन दिला.

तिथल्या ज्येष्ठ फार्मासिस्टनी पानं उलटली आणि दोन महिन्यांच्या रकान्यांवर बोट ठेवलं. दोन्हीकडे शून्य. ‘या दोन महिन्यांत कुणाला जुलाब झालेच नाहीत, असं म्हणायचंय का?’

साठाच संपला होता. पाकिटं नव्हती म्हणून दिली गेली नाहीत, आणि मी ते ‘गरज नव्हती’ असं वाचलं. खरा हिशेब दहा महिन्यांत 3,000, म्हणजे महिन्याला 300 आणि वर्षाला 3,600 असा होता. प्रत्येक आजारी मुलाला दोन पाकिटं धरली, तर माझ्या कागदावर 300 मुलं गायब होती. बेरीज-भागाकार मात्र अगदी चोख!

शेवटच्या दोन आठवड्यांत काउंटरवर उभं राहायला मिळालं, सोबत दुभाषी. ओआरएस तर माझा हातखंडा विषय. 2002 सालचं सुधारित सूत्र, लिटरमागे मीठ 2.6 ग्रॅम, ग्लुकोज 13.5 ग्रॅम, सगळं तोंडपाठ. ‘एक पाकीट, एक लिटर पाणी’ हे वाक्य मी तीन दिवस सगळ्यांना सांगत होतो आणि सगळे माना डोलवत होते. चौथ्या दिवशी ज्येष्ठांनी सुचवलं, ‘सांगू नकोस, त्यांनाच करून दाखवायला सांग.’

पहिल्याच बाईंनी पिशवीतून पाण्याची बाटली काढली आणि पाकीट फोडून सगळं तिच्यात ओतलं. बाटली अर्ध्या लिटरची. दुप्पट दाट झालेलं ते द्रावण बाळाच्या रक्तातलं सोडियम वाढवू शकलं असतं. घरात लिटरचं माप असतं हे मी गृहीतच धरलं होतं. आधीच्या तीन दिवसांत किती जण असे गेले असतील, हे रजिस्टर सांगत नाही.

त्यानंतर काउंटरवर अर्ध्या लिटरची एक रिकामी बाटली ठेवली. आधी दोनदा भरून दाखवायची, मग समोरच्याकडून करवून घ्यायचं आणि त्यानंतरच पाकीट हातात द्यायचं. रांग वाढायची. त्यावरून मी बोलणीही खाल्ली.