शेपटाकडून कन्नड

कन्नड शिकवणाऱ्या छोट्या पुस्तकांत पहिलं वाक्य ठरलेलं असतं: 'निम्म हेसरु एनु?' तुमचं नाव काय? बंगळूरच्या रस्त्यावर हे सहसा कुणी विचारत नाही, कारण नावावाचून कुणाचं काही अडत नाही. समोरचा अनोळखी माणूस 'गुरु' असतो, नाहीतर 'स्वामी', 'शिवा', 'अण्णा', 'बॉस'. हल्लीची पोरं तर एकमेकांना 'देव्रु' म्हणतात, म्हणजे थेट देवच. ओळख वाढली की या देवाचा 'मगा' होतो, म्हणजे मुलगा. शिवाय तमिळमधून आलेला 'मच्चा' आहे, तो मेहुणा. कॉलेजातल्या मुलीही एकमेकींना बिनदिक्कत 'मगा' म्हणतात. आपल्याकडे कोल्हापुरात 'भावा' आहे, पुण्यात 'राव', नागपुरात 'बे'. पण पाणीपुरी खाता खाता देवपदाला पोचण्याची सोय मी तरी फक्त इथेच पाहिली.

हे शब्द बहुतेकदा वाक्याच्या शेवटी येतात. बाहेरून आलेल्या माणसाच्या कानात कन्नडचं आधी शेपूट शिरतं आणि धड मागाहून. क्रियापद कळायच्या आत 'री', 'लो', 'कणो', 'गुरु' कळू लागतात. माझं म्हणणं असं, की रस्त्यावर निभावून न्यायला तेवढं पुरतं. बोलणारा रागावलाय, गंमत करतोय की नुसता वेळ काढतोय, हे शेपूट सांगतं. ('स्वल्प अडजस्ट माडि', म्हणजे जरा सांभाळून घ्या, हे आता टी-शर्टांवर छापून झालं, ते सोडून देऊ.)

बंगळूरच्या गांधी बझारात एकदा एका रिक्षेचा आरसा एका स्कूटरला घासला. पहिलं वाक्य आलं, 'एन् गुरु, नोड्कोंड् बरोदल्वा?' बघून यायचं नाही का, गुरु? अजून सगळं सौम्य होतं. मग स्कूटरवाल्याने 'गुरु' टाकून 'री' धरला: 'एन्री? नीवे बंदु गुद्दिद्री!' तुम्हीच येऊन धडकलात. इथे मराठी माणसाने सावध व्हावं. 'री' हा आदराचा, आपल्या 'अहो'चा भाऊ. बायको नवऱ्याला त्यानेच हाक मारते. पण भांडणात आदर वाढला की समजावं, पारा चढला. पुण्यात 'अहो, जरा ऐकून घ्या' म्हणणारा माणूस काही ऐकवायला निघालेला असतो, तसंच. शेवटी दोघांनीही 'री' फेकून अरेतुरेचा 'लो' काढला आणि आजूबाजूचे लोक मध्ये पडले. 'बिडु गुरु, होग्ली', सोड रे, जाऊ दे. दोघे पुन्हा गुरुपदावर आले आणि निघाले.

शेपटावरून माणूस कुठला तेही कळतं. मंड्या-म्हैसूरकडचा असला तर 'एन्ला' (काय रे), 'बार्ला' (ये रे), आणि बाईमाणसाला 'कणम्मी'. त्या बाजूच्या खेड्यांत शब्दारंभीचा 'ह' गळतो, हालुचं म्हणजे दुधाचं 'आलु' होतं. आणि शुद्ध बोलायच्या नादात नको तिथे 'ह' चिकटतो. कन्नड मंडळी यावर एक विनोद सांगतात: लग्नात यजमानांना पाहुण्यांचं 'आदराचं स्वागत' करायचं होतं, तोंडून निघालं 'हादराचं'. हादर म्हणजे व्यभिचार. मंगळूरकडे शेपटाला 'मारायरे' येतं. तिथे 'एनु'च्या जागी 'एंता' असतं, आणि 'आहे' या अर्थाने 'उंटु'. तिकडच्या कित्येकांची घरची बोली तुळू किंवा कोंकणी. कन्नड शाळेत शिकलेलं, त्यामुळे बंगळूरकरांच्या कानाला ते जरा पुस्तकी लागतं.

आणि हुबळी-धारवाड! तिथे गेलं की आपल्याला उगाच माहेरी आल्यासारखं वाटतं. 'हौद्री', 'ऐत्रि', 'बर्री', म्हणजे हो, आहे, या. 'री' इतका सढळ, की वाक्याला दुसरं काही असतं की नाही अशी शंका यावी. दोस्तादोस्तांत 'लो' नव्हे, ठसक्यात 'एनले, याकले'. मधूनच 'अडचणि', 'खरे', 'भारि' असे आपले शब्द कन्नड प्रत्यय लावून ऐटीत फिरताना दिसतात. 1956 च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत धारवाड, बेळगाव, विजापूर हे जिल्हे मुंबई राज्यात होते आणि शेजार त्याहूनही जुना, तेव्हा यात नवल नाही. ही रांगडी धारवाडी बोली कवितेत मानाने बसवणारे द. रा. बेंद्रे घरी मराठी बोलायचे. 1973 चं ज्ञानपीठ त्यांना मिळालं, ते कन्नड कवी म्हणून.

मला सगळ्यात लळा लागला तो एका निराळ्या शेपटाचा. आपण 'चहाबिहा' म्हणतो, 'बसबिस' म्हणतो. कन्नडमध्ये या 'बि'च्या जागी 'गि' बसतो: कॉफी-गीफी, बस्सु-गिस्सु, ऊटा-गीटा (ऊटा म्हणजे जेवण). त्यात इंग्रजी शब्दाला शेवटी उकार देऊन त्याचं बारसं करायची पद्धत. बस्सु, कारु, रोडु. एकदा उकार लागला की तो शब्द कन्नड झाला, पुढे कागदपत्रं विचारायची नाहीत. बसचा कंडक्टर 'होल्डान!' ओरडतो तेव्हा त्यात कुणाला इंग्रजी ऐकू येत असेल असं मला वाटत नाही. गाडी थांबवायची, एवढाच त्याचा अर्थ.

तरी दोन शब्दांपासून मराठी माणसाने सांभाळून राहावं. 'कै कोडु' म्हणजे शब्दशः हात देणे. रिक्षावाला उतरून चाकाकडे बघत म्हणाला, 'गाडि कै कोड्तु', तर गाडीने मदत केली असं समजून बसून राहू नये. तिने दगा दिलाय, दुसरी रिक्षा शोधावी. आणि 'चिंदी'. नवा शर्ट घालून निघालेल्या मुलाला मित्र म्हणतो, 'चिंदी गुरु!' इथे ती दाद असते. 'सक्कत्', 'बोंबाट' यांच्याच पंगतीतली.

सातारहून आमच्या सासूबाई राहायला आल्या, तेव्हा नातवाने त्यांच्या पिठल्याला हीच दाद दिली. त्या दिवसभर गप्प होत्या. मग कुणीतरी अर्थ समजावला, पण त्यांना तो फारसा पटलेला दिसला नाही.

मात्र भाजीच्या गाडीवर त्यांनी कुणाची मदत घेतली नाही. गॅलरीतून मी ऐकत होते. सुरुवातीला 'अहो, दोडका कसा दिला?' असं निव्वळ सातारी चालायचं आणि भाजीवाला बोटांवर हिशेब दाखवायचा. थोड्याच दिवसांत त्यांनी बाकी वाक्य जसंच्या तसं ठेवून फक्त शेपूट बदललं. 'एवढं महाग नको री. कोथिंबीर टाका की री थोडी.'

'आय्तु अज्जी, कोत्तंबरी तोगोळ्ळि', तो म्हणाला आणि एक जुडी पिशवीत टाकली.

वर येऊन त्यांनी पिशवी ओट्यावर ठेवली. म्हणाल्या, 'भाजीवाला बरा आहे हो तुमचा. चांगलं मराठी बोलतो.'